आधी ‘बंद’ची तारीख, मग तिकीट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आल्प्समधल्या स्कीच्या गावांना शरद ऋतूत जावे, असे सुचवणारा लेख वाचला. खोल्या स्वस्त मिळतात, गर्दी नसते, झाडे सोनेरी होतात, हे सगळे खरे आहे. मात्र गर्दी का नसते, याबद्दल त्यात एक ओळही नाही. नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या शामोनीला उतरलेल्या माणसाला ते एग्वी द्यू मिदी या शिखराच्या केबल कारच्या बंद दारासमोर उभे राहिल्यावर कळते. ज्या ३,८४२ मीटर उंचीसाठी इतक्या लांबून यायचे, तिथे नेणारी केबल कार नोव्हेंबरमध्ये वार्षिक दुरुस्तीसाठी कित्येक आठवडे थांबलेली असते.

माझी सगळी नोकरी क्रेनच्या वायररोपची, म्हणजे पोलादी तारांच्या दोराची, तपासणी करण्यात गेली, त्यामुळे या ‘बंद’ला माझी ना नाही. उलट बंद ठेवत नसते, तर मी त्या डब्यात पाऊल टाकले नसते. शामोनीच्या केबल कारच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २,३१७ मीटरपासून शिखरापर्यंत, मध्ये आधाराला एकही खांब नाही. अशा दोराची नुसती डोळ्यांनी पाहणी करून भागत नाही. तो चुंबकीय यंत्राने तपासतात. आतली एखादी तार तुटली असेल, तर चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच जागी बिघडते आणि बाहेरून धड दिसणाऱ्या दोराचे दुखणे कळते. खांबावर किंवा स्थानकात दोर जिथे टेकतो तिथे तो सर्वांत जास्त झिजतो, म्हणून ठरावीक काळाने तो थोडा पुढे सरकवतात. तीच जागा पुन्हा पुन्हा घासू नये एवढ्यासाठी. गंडोलाचे, म्हणजे एकाच फिरत्या दोरावर ओळीने जाणाऱ्या केबल कारचे, छोटे डबे दोराला ज्या पकडीने धरतात, त्या पकडी उतरवून तपासाव्या लागतात. ही कामे प्रवासी टांगलेले असताना होत नाहीत. उन्हाळ्याचे पाहुणे गेले आणि बर्फाचे अजून यायचे आहेत, एवढीच फट त्यांना मिळते, आणि स्वस्त खोल्या नेमक्या त्याच फटीत असतात.

म्हणून हॉटेल शोधण्याआधी केबल कारच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक उघडावे. उन्हाळी हंगामाचा शेवटचा दिवस आणि हिवाळी हंगामाचा पहिला दिवस, या दोन तारखा कागदावर लिहून काढाव्यात. गतवर्षीच्या तारखांवर विसंबू नये. एकाच गावात तीन डोंगरांना तीन केबल कार असतात आणि त्या एकाच दिवशी बंद होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. हॉटेलला पत्र टाकताना ‘आमच्या तारखांना गावात जेवायला काय काय उघडे असेल?’ हा प्रश्न जरूर विचारावा, कारण हॉटेलवालेही याच काळात सुट्टीवर जातात.

अपवाद आहेत. स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाटला हिमनदीवर बाराही महिने स्कीइंग चालते, आणि १८९८ साली सुरू झालेली तिथलीच गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे (रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढणारी) वर्षभर ३,०८९ मीटरपर्यंत नेते. उलट ऑस्ट्रियातल्या झोल्डनला ऑक्टोबरअखेर विश्वचषकाच्या स्की शर्यती असतात. तिथे त्या दिवसांत ऑफ सीझनच्या भरवशावर जाणाऱ्याला खोली मिळायची मारामार.

मला विचाराल, तर स्वित्झर्लंडचे एंगाडिन खोरे आणि ऑक्टोबरचा मध्य. तिथली लार्चची झाडे सूचिपर्णी असूनही पाने गाळतात आणि गाळण्याआधी पिवळीधमक होतात. खाली हिरवळ, मध्ये हा पिवळा पट्टा आणि वर ताजा बर्फ, असे एका नजरेत दिसते. वाऱ्यापावसाने पट्टा लवकर विरळ होतो, म्हणून एखादा दिवस हाताशी जास्त ठेवावा. गुडघ्यांमुळे माझ्या पत्नीला उतरणीच्या वाटा जमत नाहीत, त्यामुळे आम्ही सेंट मॉरिट्झहून बर्निना रेल्वेत बसलो. ही गाडी वर्षभर धावते. दातेरी रुळाचा आधार न घेता हजार मीटरला सत्तर मीटर चढत ती २,२५३ मीटरची खिंड ओलांडते. २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मला दोरांचे वेड असले, तरी केबल कारच्या बंदच्या दिवसांत रेल्वेसारखा आधार नाही, हे कबूल करायला हवे.

गाडी भाड्याने घेऊन घाटांतून भटकायचा बेत असेल, तर फुर्का, ग्रिमझेल आणि झुस्टेन हे स्वित्झर्लंडमधले घाट बर्फ पडला की उन्हाळ्यापर्यंत बंद होतात. तो बर्फ ऑक्टोबरमध्येही पडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अलीकडे येते. अरुंद खोऱ्यात तर ऊन डोंगराआड त्याच्याही आधी जाते. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. शामोनी १,०३५ मीटरवर आहे, म्हणजे गावात पंधरा अंश असताना एग्वी द्यू मिदीवर शून्याखाली असणार. स्वेटर हॉटेलवर ठेवून वर जाणारे दरवेळी दिसतात. इतक्या झटकन इतके वर गेल्यावर डोके दुखू लागले, तर फोटोंचा मोह सोडून खाली यावे.

खोऱ्यात धुके दिसले म्हणून मात्र बेत रद्द करू नये. शरदात थंड हवा तळाशी साचते आणि वर लख्ख ऊन असते. बहुतेक केबल कार कंपन्या वरच्या स्थानकावरचा कॅमेरा संकेतस्थळावर दाखवतात. न्याहारी करता करता तो पाहावा आणि मगच तिकीट काढावे.

आपल्याला विनंती एवढीच, की असा लेख पुन्हा छापाल तेव्हा सोबत एक चौकट द्यावी: गावाचे नाव, केबल कार, ती बंद राहण्याच्या त्या वर्षीच्या तारखा. छायाचित्र थोडे लहान केले तर जागा होईल.

आपला,
एक जुना वाचक