कोऱ्या डिस्कच्या संगणकाला बायोस पासवर्ड लावून दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

ऐरोलीतील आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेसाठी आपल्या वाशीच्या दुकानातून डेस्कटॉप घेतला. बिलावर 'ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय' असे स्पष्ट छापले आहे आणि आम्हाला तसाच हवा होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले इथे बसतात. उबुंटू ही लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, युनिकोडमध्ये मराठी टाइप होते. मग सभासदांच्या वर्गणीतून विंडोजच्या परवान्याचे पैसे का भरायचे?

पेनड्राइव्हवरून उबुंटू व्यवस्थित सुरू होते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, सगळे चालते. डिस्कवर बसवायला घेतले की मात्र पडद्यावर सूचना येते: या संगणकात इंटेल आरएसटी चालू आहे, आधी ते बंद करा. आरएसटी म्हणजे डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत; ते चालू असेपर्यंत इन्स्टॉलर पुढे सरकत नाही. उपाय साधा आहे. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आरएसटीऐवजी एएचसीआय ही डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत निवडायची. पण एफ२ दाबले की बायोस पासवर्ड मागतो. तो आम्हाला कोणी सांगितलेला नाही, खोक्यातल्या पुस्तिकेतही नाही.

आपल्या सेवा केंद्रात विचारले, तर पासवर्ड देता येत नाही म्हणाले. वर, लिनक्स टाकले तर वॉरंटी जाईल! वॉरंटी कार्ड मी ओळ न् ओळ वाचले आहे, तशी अट त्यात कुठेही नाही. आधीपासून विंडोज असलेल्या संगणकात ही सेटिंग अचानक बदलली, तर विंडोज सुरू होत नाही, हे मला माहीत आहे. तिथे जपून राहणे योग्यच. आमची डिस्क कोरी आहे, त्यावर बिघडायला आहे काय? तरीही उत्तर एकच मिळाले, "विंडोज घ्या, आम्ही टाकून देतो." पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचे कुलूप दुकानदाराकडे राहावे, हे आम्हाला मान्य नाही. मुले अजून मोबाइलच्या छोट्या पडद्यावर प्रश्नपत्रिका सोडवत आहेत, याचा मला संताप येतो.

तरी आपला माणूस पाठवून बायोसचा पासवर्ड काढून द्यावा, आणि लिनक्स बसवल्याने हार्डवेअरच्या वॉरंटीला बाधा येणार नाही असे लेखी कळवावे. हे जमत नसेल तर संगणक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे जाऊ. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, तसेच पडद्यावरील सूचनेचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
सचिव, अभ्यासिका समिती
ऐरोली, नवी मुंबई