सर, त्या रात्री तुम्ही स्टेशनवर थांबलात

आदरणीय सर,

नेव्हीचं जॉइनिंग लेटर काल आलं. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय. बाबा म्हणाले, "आधी सरांना कळव." समोर आले तर रडूच येईल, म्हणून लिहितेय.

मागच्या वेळी मेडिकलमध्ये हिमोग्लोबिन कमी निघालं आणि मी बाद झाले. ज्या अकॅडमीनं फीपोटी बाबांच्या सोयाबीनचे पैसे घेतले, तिथून एवढंच उत्तर आलं, "आता दुसरं काही बघ." पुढं फोनही उचलला नाही. ते अजून सलतं.

परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बाबा कापसाच्या वेचणीत, न्यायला कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. बाकड्यावर मफलर गुंडाळून तुम्ही बसला होतात. काय झालं, हे तुम्ही विचारलंच नाही. खांद्यावरची बॅग काढून घेतलीत आणि म्हणालात, "एक डोळा मीट. हात लांब करून अंगठा धर. चंद्र झाक बरं." कोजागरीला दोनच दिवस झाले होते. एवढा मोठा चंद्र, अंगठ्यामागं गेला.

मग स्कूटरवर गावापर्यंत तुम्ही जिम लॉवेल सांगत होतात. अमेरिकेच्या नेव्हीतला वैमानिक. रात्री समुद्रावर कॉकपिटमधले दिवे गेले, तेव्हा जहाजामागच्या पाण्यात चमकणारी हिरवट रेघ पाहून परत जहाजावर उतरलेला. अंतराळवीरांच्या पहिल्या निवडीत, १९५९ साली, रक्तातलं बिलिरुबिन, कावीळीत वाढतं ते, जास्त म्हणून त्याला घरी पाठवलं. १९६२ साली घेतलं. आणि १९६८च्या डिसेंबरात, अपोलो ८ मधून चंद्राभोवती फिरताना, त्यानं असाच अंगठा धरला तर अख्खी पृथ्वी झाकली गेली. "त्याचंही रक्तच आडवं आलं होतं, बाळा," तुम्ही मागं न बघता म्हणालात. मी तुमच्या पाठीमागं रडत होते. तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही स्कूटर हळू केलीत.

त्यानंतर वर्षभर काकूंनी दर आठवड्याला शेंगदाणा-गुळाचे लाडू पाठवले. सर, तुमचं आमच्याशी ना नातं, ना देणंघेणं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची लेकरं घराबाहेर पाऊल टाकतात.

२०२५च्या ऑगस्टमध्ये लॉवेल गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. बातमी वाचली आणि त्या रात्री मी माळवदावर जाऊन अंगठा धरला.

नेव्हीच्या ट्रेनिंगला केरळात एझिमलाला जायची गाडी रात्रीचीच आहे. बाबा येणारच आहेत. तुम्हीही स्टेशनवर याल ना?

तुमची विद्यार्थिनी