चार गाड्या, एक चॅनल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार गाड्या भाड्याने घेऊन नॉर्वे पालथं घालायचं ठरलं हे वाचून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! तुझा प्रश्न एवढाच की वॉकी-टॉकी घ्यायचे, की मेहुणा म्हणतो तसं फोनवरच्या ग्रुप कॉलवर भागवायचं.

घ्या. मेहुण्याला सांग, फोन राहू देतच. वाट चुकली की आपण कुठे आहोत ते नकाशावर पाठवायला फोनच बरा, आणि अपघातबिपघात झाला तर ११२ ला फोनच लावायचा आहे. पण रस्त्यावर चालताना लागतं ते संभाषण नव्हे, ती हाक असते. ‘पुढे मेंढ्या आहेत, हळू या.’ तीन सेकंदांचं काम. बटण दाबलं की चारही गाड्यांत एकदम ऐकू जातं. ग्रुप कॉलवर तोच निरोप द्यायचा तर एकाचा फोन रस्ता दाखवण्यात गुंतलेला, दुसऱ्याचा कॉल मघाच्या बोगद्यात तुटलेला, तिसरा ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ करत बसलेला. तोवर मेंढ्या मागे पडलेल्या असतात. आणि उन्हाळ्यात तिथल्या डोंगराळ भागात त्या खरंच रस्त्यावर येऊन बसतात, उदाहरण म्हणून सांगत नाही.

पण मला वॉकी-टॉकी पटला तो वेगळ्याच कारणाने. त्याच्यामुळे गाड्यांना एकमेकींपासून लांब राहता येतं. जवळ संपर्काचं साधन नसलं की मागच्या ड्रायव्हरच्या मनात एकच धास्ती असते, पुढची गाडी दिसेनाशी झाली तर? मग तो रस्त्याकडे बघतच नाही, पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघतो. मध्ये ट्रक शिरला की जीव टांगणीला लावून ओव्हरटेक करतो, पिवळा सिग्नल मारतो, कडेला थांबून फोटो काढावासा वाटला तरी थांबत नाही. हातात सेट असला की ‘दोन नंबर पाच मिनिटं थांबतोय, तुम्ही व्हा पुढे’ एवढं म्हटलं की झालं. पहिल्या दिवशी सगळे चिकटून चालतील. दुसऱ्या दिवसापासून अंतर आपोआप वाढेल, वाढू दे.

आता सेटविषयी. युरोपात बिनपरवाना वापरता येतात ते पीएमआर ४४६ जातीचे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ, सोळा अ‍ॅनलॉग चॅनल, ताकद जास्तीत जास्त अर्धा वॅट, आणि अँटेना सेटला पक्की जोडलेली, काढता न येणारी. दुकानदार पाच वॅटचे, अँटेना बदलता येणारे सेट दाखवेल आणि ‘हेच घ्या, रेंज भरपूर’ म्हणेल. त्याच फ्रीक्वेन्सीवर ते लागतातही, पण या बिनपरवाना सवलतीत बसत नाहीत. तू ते घेऊ नकोस. फायदाही वाटतो तेवढा नसतो. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली की अर्धा वॅटही अडतो आणि पाच वॅटही.

खोक्यावर ‘१० किलोमीटर’ छापलेलं असेल. ते एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर, मध्ये काही नसताना. गाडीच्या पत्र्याच्या आतून बोलताना मोकळ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर धर, आणि वळणावळणांच्या दरीत त्याहून पुष्कळ कमी. सेट मांडीवर किंवा गिअरपाशी ठेवून बोलण्यापेक्षा खिडकीच्या काचेजवळ उभा धरला की फरक जाणवतो.

चारही सेट एकाच बनावटीचे घ्या, म्हणजे भानगड नको. वेगवेगळ्या कंपन्यांचे अ‍ॅनलॉग सेट एकमेकांशी बोलतात, पण चॅनलसोबत जो ‘प्रायव्हसी कोड’ लावतात त्याचे क्रमांक प्रत्येक कंपनीत सारखे असतीलच असं नाही. एकाचा पाच नंबर म्हणजे दुसऱ्याचा सहा, असं निघालं की दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि बोलणं बंद. डिजिटल सेट तर अ‍ॅनलॉगशी बोलतच नाहीत. त्या कोडच्या नावावरही जाऊ नकोस. त्याने फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या कानावर पडत नाही. तुमचं बोलणं ज्याला ऐकायचं तो खुशाल ऐकतो. मराठीत बोललात म्हणून गुपित राहील याच्या भरवशावर हॉटेलच्या खोलीचे नंबर सांगत बसू नका. मराठी माणूस कुठे भेटेल सांगता येत नाही!

नॉर्वेत याची खरी कसोटी लागेल ती बोगद्यांत. लार्दालचा बोगदा २४.५ किलोमीटरचा आहे, २००० साली खुला झाला, आणि रस्त्याच्या बोगद्यांत जगात सगळ्यात लांब. अशा ठिकाणी सरळ पट्ट्यात पुढची गाडी ऐकू येते, वळण आलं की गेली. म्हणून जे सांगायचं ते तोंडाशीच सांगून टाकायचं: बाहेर पडल्यावर कुठे थांबणार, कोणत्या फाट्याला वळणार. हार्डांगर पुलावर तर आणखी गंमत आहे. २०१३ साली झालेला हा पूल, आणि त्याच्या दोन्ही टोकांना डोंगराच्या पोटात, बोगद्यातच, राउंडअबाउट आहेत. निळ्या उजेडात न्हायलेला तो गोल बघून माणूस इतका हरखतो की बाहेर पडायची वाट विसरतो. चुकलं तर घाबरायचं कारण नाही, आणखी एक फेरी मारायची. पण कुठल्या वाटेने निघायचं ते बोगद्यात शिरायच्या आधी चौघांनाही माहीत हवं.

वाट सांगताना ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ यावर फार विसंबू नका. तिकडे उजव्या बाजूने गाडी चालवायची, त्यात नवखा माणूस, त्यात वळण. डोक्यात गोंधळ उडतोच. पाटीवरचं गावाचं नाव आणि रस्त्याचा नंबर सांगा. राउंडअबाउटवर ‘दुसरी वाट, वॉसची पाटी’ असं. पाटी वाचता येते, त्यात मतभेद होत नाहीत.

फेरीबोटीवर तुमची फाटाफूट होणार हे गृहीत धर. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावर गाड्या रांगेत लावतात, आणि माणूस हात दाखवून एकेक आत घेतो. जागा संपली की हात आडवा. तुमच्या दोन गाड्या बोटीवर आणि दोन धक्क्यावर, असं झालं तर तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र पाण्यावर मध्ये काही आडवं येत नसल्याने तिथे हे छोटे सेट कमाल करतात. पलीकडच्या काठावरचा आवाजही पुष्कळदा स्वच्छ येतो. फक्त खालच्या गाड्यांच्या डेकवर चारी बाजूंनी लोखंड असतं, तिथून बोलू नका. वर मोकळ्यावर या आणि मग बोला.

अरुंद रस्त्यांवर निळ्या पाटीवर पांढरा ‘एम’ दिसेल. समोरासमोर आलेल्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायची ती जागा. पुढच्या गाडीने ‘बस येतेय, मागच्या एमवरच थांबा’ एवढं सांगितलं तर बाकी तिघांचं मागे रेटणं वाचतं. ट्रोलस्टिगन घाटाच्या अकरा वळणांवर तर हे फारच उपयोगी पडेल, तिथे बसगाड्याही चढतात.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. पुढच्या गाडीने मागच्याला ‘रस्ता मोकळा आहे, मार ओव्हरटेक’ असं कधीही सांगायचं नाही. ‘समोरून ट्रक येतोय’ जरूर सांगावं, धोका कळवण्यात नुकसान नाही. पण मोकळीक देणं वेगळं. तुझं वाक्य संपून त्याने गाडी बाहेर काढेपर्यंत पुढच्या वळणातून कोणीतरी आलेलं असतं, आणि त्याने स्वतः बघण्याऐवजी तुझ्या शब्दावर भिस्त ठेवलेली असते. तुझा मेहुणा उत्साही आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

बोलण्याची रीत फार अवघड नाही. सेट ड्रायव्हरच्या शेजारच्याने हाताळायचा, ड्रायव्हरने नुसतं ऐकायचं. गाड्यांना नंबर द्या, माणसांची नावं नकोत, कारण दुपारी माणसं गाड्या बदलतात. बटण दाबून क्षणभर थांबा आणि मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘थांबू नका’मधला ‘थांबू’ कापला गेला की काय उरतं ते बघ. एका वेळी एकच बोलू शकतो. एकाने बटण धरून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद. म्हणून गाणी, विनोद, भेंड्या यांना सरळ रस्त्यावर थोडी मुभा, घाटात अजिबात नाही. (पोरांच्या हाती सेट गेला की हा नियम मोडणार. एक वेगळा चॅनल देऊन दोन जुने सेट पोरांनाच देऊन टाक.) आपोआप आवाज पकडून चालू होणारी सोय सेटमध्ये असेल ती बंद ठेव, गाडीत इंजिनाच्या घरघरीनेही ती सुरू होते. आणि चॅनल अचानक मुका झाला, नुसती खरखर आणि कोणाचं तरी पुटपुटणं ऐकू येऊ लागलं, तर समजा की कोणाचा तरी सेट सीटच्या फटीत दाबला गेलाय. प्रत्येकाने आपल्या बुडाखाली बघायचं.

सेट असले तरी जुना नियम सोडू नका: फाट्यावर प्रत्येक गाडीने मागचीचे दिवे दिसेपर्यंत थांबायचं. शेवटच्या गाडीत शांत डोक्याचा माणूस ठेव. पहिल्यापेक्षा शेवटचा महत्त्वाचा, कारण कोण मागे राहिलं ते त्यालाच कळतं.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. यूएसबीने चार्ज होणारे सेट मिळाले तर गाडीतच काम भागेल.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं म्हणतोस, तर हे सेट तिकडे नेऊ नकोस. तिथे ४७६-४७७ मेगाहर्ट्‌झवर यूएचएफ सीबी नावाची तिथली रेडिओ-सोय चालते, ऐंशी चॅनल, पाच वॅटपर्यंत. चाळीस नंबरवर हमरस्त्यावरचे ट्रकवाले असतात, आणि ५३ मीटर लांब रोड ट्रेनला, म्हणजे मागे ट्रेलरची माळ लावलेल्या ट्रकला, ओलांडायच्या आधी त्यावर तिच्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून घेता येतात. पाच आणि पस्तीस आणीबाणीसाठी राखून ठेवलेत, त्यांवर गप्पा मारणं गुन्हा आहे. अमेरिकेत पुन्हा वेगळं, तिथे ४६२-४६७ च्या पट्ट्यात एफआरएस नावाची अशीच सोय. त्यातले काही चॅनल दोन वॅटपर्यंत बिनपरवाना. जपानमध्ये ४२२ च्या आसपास, अवघे दहा मिलिवॅट. एका देशातला साधा सेट दुसऱ्या देशात बेकायदा ठरतो, कारण तीच फ्रीक्वेन्सी तिथे दुसऱ्याच कोणाला दिलेली असते. जिथे जाल तिथलेच सेट घ्या किंवा भाड्याने मिळतात का बघा.

सेट मागवण्याआधी मॉडेलचं नाव मला कळव, आणि आले की निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी दोन गाड्या घेऊन कुठल्यातरी घाटात चाचणी करा. शेवटच्या गाडीत कोणाला बसवतोयस तेही लिही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सहप्रवासी