कोड बघून पार्ट न बदलणाऱ्या मेकॅनिक दादांना

दादा,
स. न. वि. वि.

माझं नाव कुठे घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

गाडी जुनी घेतलेली. वेग कमी झाला की इंजिन थरथरायचं, कधी बंदच पडायचं. आधी जिथे दाखवली तिथे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसून दिला. दिवा पुन्हा लागल्यावर सांगितलं, टायमिंग चेन आणि फेजर (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी आणि तो कॅम पुढेमागे सरकवणारा भाग), दोन्ही बदला. म्हणजे अर्धं इंजिन उघडा!

तुम्ही कोड वाचलात, पी००११, आणि तो पुसला नाहीत. आधी फ्रीझ फ्रेम उतरवून घेतलीत, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती ते. इंजिन गरम, आरपीएम कमी. कोड पुसला की ही नोंदही जाते, हे मला तेव्हा कळलं. नोंद गरम इंजिनाची होती, म्हणूनच इंजिन पुरतं तापेपर्यंत तुम्ही कशालाच हात लावला नाहीत.

पी००११ म्हणजे पहिल्या बँकेच्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) इनटेक कॅमचं, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूच्या कॅमचं, टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे गेलंय. का गेलंय, ते कोड सांगत नाही. पी००१०, म्हणजे कॅम हलवणाऱ्या सर्किटचा कोड, असता तर तुम्ही आधी वायरिंगमागे लागला असतात आणि पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड, असता तर चेनचा संशय तुम्हालाही आला असता. तो नव्हता, थंड इंजिन सुरू करताना खडखडाटही नव्हता. मग चेन कशाला उघडायची, हा तुमचा सरळ प्रश्न.

आणि मग तुम्ही डिपस्टिक काढलीत. एवढ्या कॉम्प्युटरच्या गप्पांनंतर डिपस्टिक! ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, काळंकुट्ट आणि दाट. तुम्ही बोटांवर घेऊन चोळलंत आणि मान हलवलीत. या यंत्रणेत इंजिन ऑइल नुसतं वंगण नसतं, कॅम हलवण्याचं कामही तेच करतं. सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणारा, व्हॉल्व्ह ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हुकमाने फेजरमध्ये ऑइल सोडतो, त्याच्या दाबाने कॅम काही अंश पुढेमागे सरकतो. ऑइल कमी, घाण किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल, तर नवाकोरा फेजरही काय करणार?

लाइव्ह डेटात तुम्ही दोन आकडे शेजारी लावून दाखवलेत, ईसीयूने मागितलेला कोन आणि कॅमचा प्रत्यक्ष कोन. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, मागणी शून्य, पण कॅम पुढेच अडकलेला. ते बघितल्यावर थरथर कशाची, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

दहाचा पाना लावून तुम्ही सोलेनॉइड बाहेर काढलात. मीटरवर रेझिस्टन्स सात ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइल ठीक. बॅटरीचे बारा व्होल्ट क्षणभर दिलेत तर आतला स्पूल (सरकणारा दट्ट्या) अर्ध्यावर जाऊन अडला, परत येईना. बारीक जाळीवर काळा गाळ थापलेला. क्लीनर मारून, हवा मारून झाल्यावर पुन्हा करंट दिलात तेव्हा तो टक् करून पुढे गेला आणि टक् करून मागे आला. तो आवाज ऐकून तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बिलात कुठे लिहिणार?

नवी ओ-रिंग (रबरी कडी), पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर. झालं, असं मला वाटलं, तुम्हाला नाही. इंजिन चालू ठेवून तुम्ही सोलेनॉइडला पुन्हा करंट दिलात. इंजिन लगेच अडखळलं, काढल्यावर सुरळीत झालं. म्हणजे ऑइल फेजरपर्यंत पोचतंय आणि फेजर हलतोय. कोड पुसलात तो यानंतर. मग गाडी चालवून दोन्ही आकडे जोडीने वरखाली होताना बघितलेत, तेव्हा कुठे किल्ली माझ्या हातात दिलीत.

इंजिन आतून धुणाऱ्या फ्लशची बाटली ओतायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात. जुना गाळ एकदम सुटला तर ऑइल पंपाची जाळी तुंबेल, त्यापेक्षा पुढचं ऑइल लवकर बदला, म्हणालात. विकायला सोपी वस्तू ग्राहक स्वतः मागत असताना नाही म्हणणारं माणूस मी तरी क्वचित पाहिलंय.

दिवा अजून लागलेला नाही. लागलाच आणि लुकलुकायला लागला, तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) समजून शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्यायची, नाहीतर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल, हेही लक्षात ठेवलंय. पुढचं ऑइल बदलायला येईन तेव्हा एक्झॉस्ट कॅमच्या सोलेनॉइडची जाळीही काढून बघू या. तिचाही कोड यायची वाट नको.

आपला,
एक गाडीवाला