गोल्फचा सेट घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत अलीकडे गोल्फविषयी मजकूर येतो, याचा माझ्यासारख्या उशिरा खेळाकडे वळलेल्या वाचकाला आनंदच आहे. मात्र त्यात नामवंत खेळाडूंच्या बॅगेचे वर्णन असते. हौशी माणसाने क्लब, म्हणजे आपण सर्रास ज्याला ‘स्टिक’ म्हणतो ती, कशी निवडावी यावर चार ओळीही नसतात. ते न कळल्याचा भुर्दंड मी भरला आहे, म्हणून हे पत्र.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत उभे आयुष्य ओतकामात काढून निवृत्त झालो आणि पुण्याला मुलाकडे असताना हा खेळ शिकू लागलो. दुकानदाराने आयर्नचे, म्हणजे धातूच्या सपाट पात्याच्या क्लबचे, दोन सेट पुढे ठेवले, एक ओतीव आणि एक फोर्ज केलेला, म्हणजे ठोकून घडवलेला. जन्मभर गिऱ्हाइकांना कास्टिंगची बाजू पटवून देणारा मी, स्वतःची वेळ आली तेव्हा ‘फोर्ज केलेले तेच अस्सल’ या समजुतीला भुललो आणि पातळ पात्याचे, कडक पोलादी शाफ्टचे, म्हणजे दांड्याचे, आयर्न घरी घेऊन आलो. डिसेंबरातल्या सकाळी चेंडू पात्याच्या टोकाला लागला की झिणझिण्या कोपरापर्यंत जात, आणि चेंडू मात्र बुटकी उडी घेऊन उजवीकडच्या गवतात पडे.

दोष फोर्जिंगचा नव्हता. त्या पात्यात वजन मधोमध एकवटलेले असते, त्यामुळे चेंडू नेमका मध्यावर बसला तरच ते साथ देते. कडेला वजन असलेले फ्लायव्हील सहजासहजी वेग बदलत नाही, हे उद्यमनगरातल्या कोणत्याही फिटरला ठाऊक आहे. पाठीमागून पोकळ केलेल्या आयर्नमध्ये वजन असेच कडेला नेलेले असते, म्हणून चेंडू मध्यापासून थोडा सरकून लागला तरी पाते हातात फारसे वळत नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये आपल्या पटरमध्ये, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायच्या क्लबमध्ये, वजन दोन्ही टोकांना नेले आणि पुढे तोच विचार आयर्नमध्ये उतरवला. असा आकार ओतकामातच सोयीने साधतो, हे मला दुकानात सुचू नये याची आजही लाज वाटते.

शाफ्टचेही तसेच. सावकाश फिरवणाऱ्याला कडक शाफ्ट वाकवताच येत नाही, म्हणून माझ्यासारख्याला ग्रॅफाइटचा, हलका आणि लवचिक शाफ्ट बरा. शिवाय माझी उंची सव्वापाच फूट. प्रशिक्षकांनी क्लबच्या तळाला चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या फळीवरून वीसेक चेंडू मारायला लावले, तेव्हा सगळे ओरखडे टाचेकडे, म्हणजे पात्याच्या शाफ्टजवळच्या बाजूला, उमटले. म्हणजे पात्याचे टोक हवेत राहत होते. अशा वेळी चेंडू डावीकडे जाण्याचा कल असतो, आणि त्यावर उपाय म्हणजे शाफ्ट व पात्यातला कोन थोडा खाली वाकवून घेणे. ही तपासणी पैसे मोजण्याआधी व्हायला हवी होती.

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात. पण ती कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. सुरुवातीला लांब फटक्यासाठी एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, वाळूतून चेंडू काढायला एक सँड वेज आणि एक पटर एवढे पुरते. यांतही पटर निवडताना घाई करू नये, कारण 72 पारच्या, म्हणजे 18 होल 72 फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या, मैदानात दर होलला दोन या हिशेबाने 36 फटके एकट्या पटरचे धरलेले असतात. नंबरावरही विसंबू नये. पूर्वी सात नंबरच्या पात्याचा कल साधारण 35 अंशांचा असे, आता अनेक कंपन्या तो 30 च्या आसपास ठेवतात; कल कमी तितका चेंडू लांब जातो, त्यामुळे ‘आमच्या सातने चेंडू लांब जातो’ या बढाईत निम्मी करामत नंबराची असते.

अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आल्यानंतर ओळखीतल्या काही पालकांनी मुलांना या खेळात घातले. त्यांतल्या दोघांनी मोठ्यांची जुनी स्टिक कापून मुलाच्या हाती दिली. कापल्याने शाफ्ट आणखी कडक होतो आणि पात्याचे वजन तेवढेच राहते; ते पेलताना मूल चुकीच्या सवयी लावून घेते. मुलांचे हलके क्लब वेगळे मिळतात, तेच घ्यावेत.

माझा तो फोर्ज केलेला सेट अजून घरीच आहे. घेणारे भेटत नाहीत असे नाही, पण आजवर विचारायला आलेले सगळे नवशिकेच होते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर