नागठाण्याच्या पंक्चरवाल्या दादांना

दादा, नमस्कार. ओळखलं का? मी सांगलीचा, जुलैमधल्या त्या पावसाच्या रात्री तुमच्या दुकानासमोर बुटकी पांढरी गाडी घेऊन आलो होतो आणि तुम्ही टॉर्च मारून डिकीत बघितलं, तिथं बॅटरी आणि थर्माकोलचा ट्रे, मग म्हणालात, "एवढी भारी गाडी आन् स्टेपनी न्हाई? इसरलासा व्हय?"

विसरलो नव्हतो ओ. ही गाडी मुळात रनफ्लॅट टायरवर येते, म्हणजे हवा गेली तरी ८० च्या स्पीडनं ८० एक किलोमीटर रेटता येते, म्हणून कंपनी स्टेपनी देतच नाही. पण मी घेतली सेकंडहँड, आणि आधीच्या मालकानं रनफ्लॅट फार आदळतात म्हणून साधे टायर टाकलेले. म्हणजे रनफ्लॅट पण नाही आणि स्टेपनी पण नाही, फक्त पंक्चर बुजवायच्या फोमची एक बाटली, ती पण एक्सपायर होऊन दोन वर्षं झालेली (हे मला त्या रात्री कळलं, गाडी घेताना मी फक्त हॉर्सपॉवर बघितली).

पुण्याहून येत होतो, साताऱ्यापुढं शेंद्रे सोडलं आणि स्क्रीनवर मागचं डावं चाक लाल, हवा ३६ वरनं २९, मग २६. सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन्स, कुठनं तरी स्क्रू घुसला असणार. हेल्पलाइनला फोन लावला तर गाडी उचलून न्यायचा फ्लॅटबेड ट्रक पुण्यावरनं येणार, चार तास. सांगली तिथनं शंभरेक किलोमीटर. बायको मागं झोपलेल्या पोराला धरून गप्प बसलेली, आणि ती गप्प बसली की मला जास्त टेन्शन येतं.

खरं सांगतो, तुमच्याकडं पोचलो तेव्हा मी पक्कड मागितली होती, स्क्रू उपटून बाटली ओतायची या हिशोबानं. तुम्ही हात धरलात. "त्यो हाय म्हनून हवा हाय, ऱ्हाऊ द्या तितंच." आणि फोम ओतला असता तर आतला हवा मोजायचा सेन्सर बरबटला असता हेही तुम्हीच सांगितलंत.

नंतर जे केलंत ते मी छत्री धरून बघत होतो. गाडीखाली जॅक जाईना म्हणून आधी चाकं दोन फळ्यांवर चढवली, मग जॅकच्या डोक्यावर जुन्या टायरचा तुकडा ठेवला की पत्रा चेपू नये. लॉकवाल्या बोल्टची चावी मला सापडेना, तुम्हीच थर्माकोलच्या ट्रेखालनं काढलीत. टायर उतरवायच्या आधी वॉल्व्हच्या समोर टायरवर खडूनं खूण केलीत, परत तसाच बसला की बॅलन्सिंग फार हलत नाही म्हणून. रिमला मशीन लागू नये म्हणून ट्यूबचा तुकडा, आणि बीड, म्हणजे रिममध्ये बसलेली टायरची कड, सोडवताना "सेन्सर हितं आसंल" म्हणत वॉल्व्हपासून लांबनं सुरुवात. ३५ प्रोफाइलचा, म्हणजे बुटक्या बगलेचा, १९ इंची टायर, उसाच्या ट्रॉल्यांची चाकं करणाऱ्या हातानं, एक चरा नाही.

मग टायरच्या आत बोट फिरवून मला दाखवलंत. स्वच्छ. हवा नसताना चालवला असता तर आतली बगल घासून काळी भुकटी पडते आणि मग टायर गेलाच, म्हणालात. आतनं मश्रूम, म्हणजे दांडीवाला पॅच, लावला, साबणाचं पाणी मारलं, ३८ हवा भरली. चाक परत बसवताना तर, आमच्या गाडीला नट नसतात, बोल्ट, त्यामुळं चाक अधांतरी धरून भोकं जुळवावी लागतात, तुम्ही बूट चाकाखाली सारून पायानंच उचललंत आणि पहिला बोल्ट लागला पण.

अडीचशे रुपये घेतलेत. पाचशे दिले तर अडीचशे परत. पोराला उठवून चहा पण पाजलात, त्याला चहा आम्ही देत नाही, पण असू दे.

जाताना तुम्ही म्हणालात, टायर गरम हाय, सकाळी गार झाल्यावर हवा बघा आन् फोन करून सांगा. नंबर खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहून दिलात आणि तो घरी पोचेपर्यंत भिजून पुसला गेला. परवा पुण्याला जाताना थांबलो तर शटर बंद. भडंगाचा डबा शेजारच्या चहावाल्याकडं ठेवलाय, आमच्या सांगलीचा, त्यानं खाल्ला नसेल तर मिळेल.

आता डिकीत प्लग किट, छोटा कंप्रेसर, नवी बाटली (अगदीच अडलं तर) आणि तुम्ही दिलेला तो टायरचा तुकडा आहे. रबराच्या वासावरनं बायको रोज बोलते, तरी काढणार नाही.

तर सांगायचं राहिलेलं हे, दादा: दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर हवा बघितली, ३६ होती. आज तीन आठवडे झाले, अजून ३६च आहे.