फॅन बंद करणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आत वळलं की जिन्याखालचं ते दुकान, पाटीवर फक्त ‘रेडिओ-अँप्लिफायर रिपेअर’, एवढाच तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्याकडचा फोन बटणांचा, तेव्हा तुम्ही ते वाचाल असं काही नाही.

काल रात्री आमचा कार्यक्रम झाला. आता आम्ही दोघंच असतो, मी आणि ड्रमवाला. बास गिटार वाजवणारा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. खालच्या सुरांची सगळी बाजू माझ्या एकट्या गिटारने धरायची होती आणि तिने ती धरली. घरी आलो तर झोपच येईना.

तुमच्याकडे येण्याआधी मी माझं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा घरी बनवलेला डबा, घेऊन बराच हिंडलो होतो, कारण त्यातून खालचे सूर नीट येतच नव्हते. एका मोठ्या दुकानातल्या माणसाने माझा पत्र्याचा डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. “घरी बनवलेल्याचं असंच होणार,” म्हणत त्याने काचेच्या कपाटातून बारा हजारांचं पेडल काढून पुढ्यात ठेवलं. कॉलेजातल्या एका सीनियरने ते तीन आठवडे ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा आवाज होता तसाच आणि झाकणाचे दोन स्क्रू गायब. वर सल्ला, “अँपचा बास वाढव ना.” अहो, ते बटण मी पहिल्याच दिवशी टोकापर्यंत फिरवलं होतं! त्याने घुमायला लागलं, खर्ज काही आला नाही.

‘खर्ज’ हा शब्दही तुमचाच. मी आपला “लो फ्रीक्वेन्सी, लो एंड” करत बसलो होतो. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, “म्हणजे खर्ज गेलाय.” तुमच्या मागच्या फळीवर दुरुस्तीला आलेले चार इलेक्ट्रॉनिक तानपुरे होते, आणि हा माणूस आपलं ऐकणार असं मला तिथेच वाटलं.

दुपारचा दीड वाजला होता. तुम्ही नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. मी नंतर येतो म्हटलं, तर तुम्ही झाकण परत लावलंत. ढिगाऱ्यातून बारा इंची स्पीकरचा खोका ओढून काढलात, कारण “मोकळ्या स्पीकरवर बास कळत नाही, मागची हवा पुढच्या हवेला खाते.” (सीनियरसाहेबांनी तपासणी केली होती ती तळहाताएवढ्या स्पीकरवर.) मग मला म्हणालात, “जाड तार वाजव. एकच.” मी वाजवली. तुम्ही हात वर केलात, उठलात आणि फॅन बंद केलात.

काका, मे महिना होता. वर पत्रा, दुकानात उभं राहायला दोन माणसांपुरती जागा, टेबलावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न. तो फॅन खडखडत होता हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तो थांबल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “हां, आता.” घाम तुमच्या कानामागून सदऱ्याच्या कॉलरमध्ये उतरत होता आणि तुम्ही माझी एक तार ऐकत होता. सहा-सात वेळा वाजवायला लावलीत. इतक्या महिन्यांत माझं पेडल कोणी नुसतं ऐकलंही नव्हतं.

मग दोष सापडायला फार वेळ लागला नाही. सर्किट ‘ट्यूब स्क्रीमर’ या प्रसिद्ध पेडलच्या नकलेचं. आयसीच्या (आवाज वाढवणाऱ्या चिपच्या) पायाजवळच्या कंडेन्सरवर तुम्ही टेस्टरचं टोक ठेवलंत, त्यावरचा ४७३ आकडा वाचलात. “हा खर्ज कापत नाहीये रे, वाढत नाहीये. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढपी पोचतच नाही, तसं.” घरी येऊन मी गणित मांडलं. त्याच्या जोडीचा रेझिस्टर ४.७ किलोओहम आणि ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, दोन्ही मिळून ७२० हर्ट्झ. त्याखाली उतरावं तशी वाढ कमी होत जाते, आणि माझी जाड तार तर ८२ हर्ट्झवर. ड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं बटण, पूर्ण उघडलं तर वरच्या सुरांना मिळतं त्याच्या जेमतेम नववा हिस्सा तिच्या पानात पडत होता. तुम्ही हे कानाने सांगितलंत.

आधी बराच मोठा कंडेन्सर, २२४ (०.२२ मायक्रोफॅरड), लावून ऐकवलात. मी खूश, कारण भिंत हलली. तुम्ही म्हणालात, “आता सगळ्या तारा एकदम मार.” मारल्या तर नुसतं पिठलं! मग मधला १०४ (०.१) लावलात. पुढे तुम्ही आयर्न माझ्या हातात दिलंत, “डाग तू दे, वस्तू तुझी आहे.” माझा डाग ओबडधोबड आला, तोही चालवून घेतलात.

पैसे विचारले तर “कंडेन्सरचे दोन रुपये दे.” सुटे नव्हते, म्हणून तेही राहिले.

एक बोलू का? बुद्धीची कमी मला कुठेच दिसली नाही. त्या दुकानदाराला माझ्या दसपट माहिती असेल, सीनियरला तर आहेच. पण दोघांनाही उत्तर देण्याची घाई होती. माझी आजी पाहुण्याला आधी पाणी द्यायची, कुठून आलात ते मग विचारायची. तुमच्याकडे बसलो तेव्हा तिची आठवण झाली, का ते नीट सांगता येणार नाही.

काढलेला ४७३ तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, “फेकू नकोस, चांगला आहे, दुसरीकडे लागेल.” तो गिटारच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात आहे.

शनिवारी येतोय. दोन रुपये सुटे घेऊन येतो, आणि तुमच्या फॅनच्या बेअरिंगसाठी तेलही. या वेळी जेवण झाल्यावर, अडीचनंतर.

आपला नम्र,
पत्र्याच्या डब्यातला पेडलवाला